सर्वात वरच्या थरावरचं मूल आणि कायदा

कायदा आणि आपण : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण राज्यघटनेच्या कलम २५ पर्यंत आलो होतो. धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देणारं हे कलम सुरुवातीलाच अट घालतं: हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. वाचताना सोपी वाटणारी ही अट प्रत्यक्षात कशी लागू होते, हे समजून घ्यायला गिरगाव, लालबाग, परळ आणि दादरच्या रस्त्यांवरची दहीहंडी हे उत्तम उदाहरण आहे. या एका सणासाठी मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांना २०१४ ते २०१७ या काळात पुन्हा पुन्हा निर्णय द्यावे लागले.

हा सण गिरणगावाच्या अंगात भिनलेला आहे. गुरुपौर्णिमेपासून सराव सुरू होतो. दिवसभराची नोकरी आटोपून पोरं रात्री मैदानात जमतात, खांद्यावर खांदा लावून थर रचायला शिकतात. खालच्या थरात कोण उभं राहणार, मधला थर कोण पेलणार, उतरताना आधी कोण सुटणार, हे सगळं ठरलेलं असतं. एकमेकांवर इतका विश्वास टाकायला लावणारा दुसरा सण आपल्याकडे क्वचितच असेल. एकेकाळी चाळीच्या आवारात बांधलेल्या हंडीला चार-पाच थर पुरत. पुढे राजकीय नेत्यांची आयोजनं वाढली, थरांच्या हिशेबाने लाखांची बक्षिसं लागली आणि हंडी वर वर जात राहिली. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले. उंची भरली १३.३४ मीटर, म्हणजे जवळपास ४४ फूट. त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

उंची वाढली तसा धोकाही वाढला. थर जितके जास्त, तितकं खालच्यांवर वजन जास्त, म्हणून वरचा गोविंदा जितका हलका तितका चांगला. हलका म्हणजे लहान. मनोरा कोसळला की सर्वात उंचावरून पडणार तो हाच. गोपाळकाल्याच्या संध्याकाळी परळच्या केईएममध्ये, मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये आणि सायनच्या रुग्णालयात जखमी गोविंदांची रीघ लागते. मोडलेला हात महिन्या-दोन महिन्यांत जुळतो. डोक्याला किंवा मणक्याला बसलेला मार मात्र आयुष्यभर पाठ सोडत नाही.

सामाजिक कार्यकर्त्या स्वाती पाटील यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन ठळक मर्यादा घातल्या. १८ वर्षांखालील कोणालाही थरावर चढवायचं नाही आणि मनोरा २० फुटांपेक्षा उंच न्यायचा नाही. नऊ थरांना ४४ फूट लागत असतील, तर २० फुटांत चार थर बसतात. पथकांमध्ये नाराजी उसळली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती सवलत दिली, पण १२ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने १८ वर्षांची आणि २० फुटांची मर्यादा पुन्हा लागू केली. पुढच्या वर्षी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आलं. ७ ऑगस्ट २०१७ रोजी उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घालायला नकार दिला, कारण असं बंधन घालणं हे विधिमंडळाचं काम आहे. १४ वर्षांखालील मुलांना चढवणार नाही, हे राज्य सरकारचं आश्वासन मात्र न्यायालयाने नोंदवून घेतलं. बालमजुरीच्या कायद्यात मुलाचं वय १४ धरलेलं आहे, त्याचा हा आधार.

तीन वर्षांत १८, १२, पुन्हा १८ आणि शेवटी १४. न्यायालयं गोंधळली, असं यावरून कोणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. या निर्णयांत दोन वेगळे प्रश्न एकत्र आले होते. पहिला प्रश्न: सज्ञान माणसाने स्वतःचा जीव किती धोक्यात घालावा, हे राज्याने ठरवावं का? दुसरा: ज्याला धोका पुरता कळतच नाही, त्याला इतरांनी धोक्यात घालावं का?

याचं उत्तर आपल्या फौजदारी कायद्यात फार पूर्वीपासून आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ८७ आज भारतीय न्याय संहितेत कलम २५ म्हणून आलं आहे. १८ वर्षांवरील माणसाने संमती दिली असेल आणि त्या कृतीतून मृत्यू किंवा जबर दुखापत घडवण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता असल्याचीही जाणीव नसेल, तर खेळताना झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कायद्याने उदाहरण दिलं आहे ते गंमत म्हणून तलवारबाजी करणाऱ्या दोघांचं. पुढचीच कलमं मुलांबद्दल बोलतात. १२ वर्षांखालील मुलाची संमती ही सर्वसाधारणपणे संमतीच मानली जात नाही. पालक त्याच्या वतीने संमती देऊ शकतात, पण ती मुलाच्या हितासाठी आणि सद्भावनेने दिलेली हवी. शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी केलेली सही या व्याख्येत बसते. मंडळाच्या बक्षिसासाठी आठव्या थरावर चढवायला दिलेला होकार कसा बसेल?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सज्ञान गोविंदाला किती फूट चढायचं ते ठरवू द्यावं. गिर्यारोहकाला आपण शिखराची उंची आखून देत नाही. परंतु मूल वर चढवायचं असेल, तर परंपरा, उत्साह, मंडळाची प्रतिष्ठा यांपैकी कशाचंही वजन त्याच्या जिवापेक्षा जास्त धरता येत नाही. १४ ची मर्यादाही मला अपुरी वाटते. संमतीचं वय फौजदारी कायदा १८ मानतो, तर जिवावरच्या खेळातही तेच असावं.

आता नीतिमत्तेकडे येऊ. सुरक्षेसाठी घातलेलं बंधन आणि नीतीसाठी घातलेलं बंधन यांची कसोटी वेगळी असते. २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्स बार बंद केले तेव्हा मुख्य कारण नीतिमत्तेचं दिलं होतं. मात्र त्याच कायद्याने तारांकित हॉटेलांना सूट दिली. एकच नाच एका ठिकाणी अनैतिक आणि दुसरीकडे चालणारा, हा भेद उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केला. आपल्याला एखादी गोष्ट रुचत नाही, एवढ्यावर कोणाची रोजीरोटी काढून घेता येत नाही. दहीहंडीतही हेच लागू पडतं. मोठ्या आवाजाची गाणी किंवा रस्त्यावरचा जल्लोष कोणाला आवडत नसेल, तर त्यासाठी ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. सणच थिल्लर झाला म्हणून बंदी मागणं योग्य नाही. नीतीचा खरा प्रश्न आयोजकाला विचारायला हवा: दुसऱ्याच्या जिवाच्या जोखमीवर आपण गर्दी जमवतो आहोत का?

स्पेनच्या कॅटालोनियातही माणसांचे मनोरे उभे राहतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही वरच्या टोकाला लहान मूलच चढतं. २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाला. त्यानंतर वरच्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. परंपरा बुडाली नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये राज्य सरकारने या खेळाला साहसी क्रीडेची मान्यता जाहीर केली, मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाखांची मदतही ठरवली. ते स्वागतार्ह आहे. तरीही भरपाई अपघातानंतर मिळते. हेल्मेट, सुरक्षा दोर, खाली जाड गाद्या आणि वयाचा दाखला यांची गरज अपघाताच्या आधी असते.

कायदा चौकाचौकांत उभा राहू शकत नाही. तिथे आपण असतो: मंडळाचे कार्यकर्ते, वर्गणी देणारे दुकानदार, गॅलरीतून बघणारे रहिवासी, मुलाचे आईवडील. पुढच्या गोपाळकाल्याला सर्वात वर चढणाऱ्याचं वय विचारा. दोर बांधलेला नसेल तर सलामी थांबवायला सांगा. तुम्ही वर्गणी देत असाल, तर बक्षिसाइतकाच खर्च गाद्यांवर आणि रुग्णवाहिकेवर झाला पाहिजे, असा आग्रह धरा.