थंड इंजिनाला हात लावून

पुण्यात सातारा रस्त्यालगतच्या एका जुन्या दुचाक्यांच्या दुकानात मेस्त्री काळ्या स्प्लेंडरपाशी उकिडवे बसले. तळहाताची मागची बाजू त्यांनी इंजिनाच्या ब्लॉकजवळ नेली आणि लगेच उठले. ‘गाडी गरम आहे. उद्या येतो.’

दुकानदार म्हणाला, ‘अहो, जागेवरून हलवायला मघाशी चालू केली होती.’

‘असेल. मग उद्या नका हलवू. सकाळी नऊला येतो, तोवर कोणी किक मारू नका.’

एवढं बोलून ते निघाले. मागोमाग गाडी घ्यायला आलेला मुलगा, हातात हेल्मेट, तोंड उतरलेलं.

मी शेजारच्या दुकानात टायर बदलून घेत होतो. ४५ हजारांचा सौदा नुसता ब्लॉक कोमट लागला म्हणून दुसऱ्या दिवसावर टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. जुनी गाडी घेताना आपल्यातले बहुतेक जण रंग बघतात, मीटरवरचा आकडा बघतात, चौकापर्यंत एक चक्कर मारतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात. मेस्त्रींना गाठून विचारलं, उद्या मीही आलो तर चालेल का? म्हणाले, ‘या. फक्त गाडी चालू असताना बोलू नका. मला ऐकू आलं पाहिजे.’

सहकारनगरच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज आहे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या, त्यानंतर थोड्याच वर्षांत ते या कामात पडले. दोन्ही गाड्या शंभर सीसीच्या, पण एक फोर-स्ट्रोक आणि दुसरी टू-स्ट्रोक. एकीच्या नळीतून धूर आला तर काळजी करायची, दुसरीचा धूर तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असल्यामुळे यायचाच. धुराकडे बघायची सवय तिथूनच लागली, असं ते सांगतात. आता ओळखीपाळखीतले लोक जुनी गाडी बघायला त्यांना सोबत नेतात. त्याचे ते ३०० रुपये घेतात. गाडी घेतली तरी ३०० आणि नाही घेतली तरी ३००. विकणाऱ्याकडून मात्र चहासुद्धा घेत नाहीत. ‘त्याचा चहा प्यायला की मग “ठीक आहे” म्हणावंसं वाटतं,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. आत पाऊल टाकलं की आधी पॉलिशचा वास येतो. सीटवर पॉलिश, टायरवर पॉलिश, प्लास्टिकच्या कडांवर पॉलिश. तीसेक गाड्या ओळीने उभ्या आणि एकही थकलेली दिसत नव्हती. तो वास घरी आल्यावरही माझ्या कपड्यांना होता. वापरलेल्या गाडीला ऑइलचा, धुळीचा, थोडा पेट्रोलचा वास असायला हवा. मेस्त्रींचं म्हणणं आणखी पुढचं होतं: गाडी धुणं वेगळं आणि इंजिनाला चंदेरी रंग मारणं वेगळं. नवा रंग कुठे आहे ते पाहून ठेवायचं, कारण ऑइल झिरपतं तिथेच तो मारलेला असतो.

आज ब्लॉक थंड होता. बाकीची पाहणी झटपट उरकली: चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला, टायरवरचे चार आकडे वाचले, मागच्या चाकावरची चेन बोटाने ओढून दातांची झीज पाहिली, पुढच्या फोर्कच्या नळीवर बोट फिरवून ऑइल लागतं का बघितलं, मेनस्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल दोन्हीकडे फिरवलं. टायरवर २३१९ होतं, म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१८ ची आणि मीटर १८ हजार किलोमीटर दाखवत होतं. मेस्त्रींनी ब्रेकच्या पायपट्टीकडे आणि फुटरेस्टच्या रबराकडे बोट केलं. दोन्ही झिजून गुळगुळीत झालेली. ‘मीटर मागे नेता येतं. रबर मागे नेता येत नाही.’

मग किक. सेल्फ होता, तरी त्यांनी आधी किकच वापरली. पायाने सावकाश दाबत गेले. किक जड लागली तर कॉम्प्रेशन शाबूत आहे, सरसर खाली गेली तर रिंगा आणि व्हॉल्व्ह तपासायला हवेत. गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. मेस्त्री सायलेन्सरच्या मागे उभे. रात्रभर उभ्या गाडीतून पहिल्या झटक्याला निळसर धूर आला, तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली उतरलेलं असतं. तो धूर दहा-पंधरा सेकंदांत निघून जातो आणि नंतर दिवसभर दिसत नाही. गाडी गिऱ्हाईक यायच्या आधी चालू करून ठेवतात ती याचसाठी. या स्प्लेंडरच्या नळीतून सकाळची थोडी वाफ आली, निळं काही नव्हतं. मुलाचा चेहरा जरा खुलला.

मुलगा बार्शीकडचा. पार्सल पोचवण्याचं काम त्याला मिळालं होतं, पण गाडी स्वतःची हवी अशी अट होती. ४५ हजारांतले बरेचसे आईच्या भिशीचे. रोज दहा तास तो या गाडीवर असणार होता.

दुकानदाराने किल्ली दिली आणि म्हणाला, ‘पुढच्या चौकातून वळून या. दोन किलोमीटर बास होतात.’

दोन किलोमीटर. हा आकडा मी नंतर इतर दुकानांतही ऐकला, घरगुती विकणाऱ्यांकडूनही ऐकला. कोणी ठरवला ते कोणाला माहीत नाही, पण सगळ्यांच्या तोंडी तोच. मेस्त्रींचा त्याला ठाम विरोध आहे आणि त्यांचं कारण मला पटलं. इंजिन दोनदा खरं बोलतं: एकदा पूर्ण थंड असताना आणि एकदा पूर्ण तापल्यावर. थंडीत सील, बॅटरी आणि चोक यांचं खरं कळतं. तापल्यावर ऑइल पातळ होतं आणि मग क्लच, रिंगा, टायमिंग चेन उघड्या पडतात. आधी गरम करून ठेवलेली गाडी दोन किलोमीटर पळवली, तर यातलं एकही टोक हाती लागत नाही. दोष झाकलेले राहतात तो मधलाच पट्टा गिऱ्हाईकाच्या वाट्याला येतो आणि त्यावर तो चार-चार महिन्यांचा पगार मोजतो.

मेस्त्रींनी दुकानदाराला सांगितलं, ‘तुमचा माणूस मागे बसवा, पेट्रोलचे पैसे मी देतो, पण तळजईचा चढ चढल्याशिवाय मी उतरणार नाही.’ दुकानदार थोडा कुरकुरला, मग तयार झाला. दोन हेल्मेटं मेस्त्रींनी स्वतःच आणली होती. आम्ही दुसऱ्या गाडीवर मागून निघालो.

सपाट रस्त्यावर ते दोन गोष्टी बघत होते. एक, मूठ किंचित सैल केल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. ओढत असेल तर चासी किंवा फोर्क कधीतरी मार खाल्लेला असतो. यासाठी हात कधीही सोडायचे नाहीत, हे त्यांनी मुलाला दोनदा बजावलं. दुसरं, गिअर. स्प्लेंडरचे चारही गिअर एकाच दिशेने पडतात. वेगात असताना दुसरा निसटतो का, हे ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा पिळल्यावर कळतं. गतिरोधकावर त्यांनी मुद्दाम वेग फारसा कमी केला नाही आणि शॉकॲब्सॉर्बरचा आवाज ऐकला.

खरी परीक्षा चढावर झाली. मागे दुकानाचा माणूस, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने चढत राहिली. मागून येताना मलाही ते ऐकू आलं. वर पोचल्यावर मेस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. ‘आवाज पुढे, गाडी मागे. क्लच प्लेटा गेल्यात.’ मग गाडी चालू ठेवूनच त्यांनी पिशवीतून एक लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनाच्या डाव्या बाजूला टेकवलं, लाकडी मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

तो क्षण माझ्या मनातून जात नाही. टेकडीवर फिरायला आलेली माणसं आजूबाजूने जात होती, दुकानाचा माणूस मोबाईल बघत होता, मुलगा मेस्त्रींच्या चेहऱ्यावर नजर लावून उभा होता आणि ते दुसऱ्याच्या पैशासाठी श्वास रोखून ऐकत होते. टायमिंग चेन थोडी वाजत होती, अजून काही महिने चालली असती. ब्लॉक चांगला होता. नंतर त्यांनी मुलालाच गाडीवर बसवलं. ‘रोज तू चालवणार आहेस. तुझ्या मनगटाला काय वाटतं ते मला कसं कळणार?’ उतारावर मुलाने दोन्ही ब्रेक लावून पाहिले.

दुकानात परतल्यावर बोलणं लांबलं नाही. क्लच प्लेटा दुकानदाराने बदलून द्यायच्या आणि टायमिंग चेनचे २,५०० रुपये कमी करायचे, असं ठरलं. दोन किलोमीटर फिरून ही गाडी घेतली असती, तर पहिल्याच महिन्यात तो खर्च मुलाच्या माथी आला असता.

दुकानदारांची बाजूही मी ऐकली. दिवसाला दहा जण येतात, त्यातले आठ नुसते चक्कर मारायला. चालवून बघतो म्हणून गाडी घेऊन पळून गेल्याच्या बातम्या पेपरात येत असतात. रस्त्यात अपघात झाला तर जबाबदार कोण? हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना उत्तरही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने अधिकृत प्रमाणपत्र घ्यायचं, ताब्यातली गाडी चाचणी, दुरुस्ती अशा ठरलेल्या कामांसाठीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची: कोणी नेली, कशासाठी, किती वेळ, किती किलोमीटर. ही नोंद नीट ठेवली आणि चालवणाऱ्याचा परवाना पाहून घेतला, तर व्यापाऱ्याला दोन किलोमीटरच्या आडोशाला जायची गरज उरत नाही.

मेस्त्रींबरोबर मी धनकवडीतल्या एका सोसायटीतही गेलो. तिथे एक निवृत्त काका पल्सर विकत होते. त्यांनी घेणाऱ्याचा मूळ परवाना आधी हातात घेतला आणि स्वतः मागे बसण्याचा हट्ट धरला. घेणाऱ्याला ते जरा अपमानास्पद वाटलं. मेस्त्री खूश झाले, कारण मागे पंचाहत्तर किलोंचं वजन असलं की गाडी चढावर काही लपवू शकत नाही. घेणारा आयुष्यभर स्प्लेंडर चालवलेला. पल्सरचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर. मेस्त्रींनी त्याला उभ्या गाडीवर गिअर टाकायला लावले, मगच रस्त्यावर सोडलं. अनोळखी गाडीवर पहिल्या पाचशे मीटरमध्ये चूक होते, म्हणून तेवढं अंतर गल्लीतच काढायचं, हा त्यांचा नियम.

काकांच्या भीतीमागे अनुभव होता. आधीची स्कूटर त्यांनी एका कागदावर सही घेऊन विकली होती आणि घेणाऱ्याने ती नावावर करून घेतली नाही. पुढे कितीतरी महिने तिच्या दंडाच्या पावत्या काकांच्या मोबाईलवर येत राहिल्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावरच येईल. गाडी तीन हात फिरलेली असली तरी फरक पडत नाही. म्हणून मेस्त्री पैशाची गोष्ट निघायच्या आधी आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघतात. कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवलेला नसतो, असं त्यांना बरेचदा आढळतं.

गाडी चालवून बघणं ही विकणाऱ्याची मेहेरबानी आहे, असं आपण धरून चालतो. मला आता तसं वाटत नाही. कमी पगाराच्या माणसासाठी दुचाकी म्हणजे नोकरीच आहे, आणि ती विकत घेण्याआधी तिला पुरेसं ऐकून घेणं हा त्याचा हक्क आहे. ते ऐकण्याचं कसब ज्यांच्याकडे आहे, त्या मेस्त्रींना आपण ३०० रुपये द्यायलाही कांकू करतो आणि दलालाला मात्र न मागता कमिशन देतो. हे बदलायला हवं.

तुम्ही जुनी मोटारसायकल घेणार असाल, तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. सकाळी जा आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर परत फिरा. परवाना आणि हेल्मेट बरोबर ठेवा, मागे कोणाला तरी बसवा, एक चढ शोधा आणि इंजिन पुरतं तापेपर्यंत, निदान पंधरा-वीस मिनिटं, गाडी चालवा. जो विकणारा एवढं करू देत नाही, त्याची गाडी घेऊ नका. बाजारात दुसरी गाडी नक्की मिळते.