एका दाताचा फरक

टायमिंग चेन बदलल्यानंतर पेट्रोल इंजिनात दोन वेगवेगळी टायमिंग जुळवावी लागतात. पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होत असताना व्हॉल्व्ह, म्हणजे हवेच्या वाटेवरील झडपा, नेमक्या केव्हा उघडाव्यात आणि मिटाव्यात हे पहिले, तर स्पार्क प्लगची ठिणगी केव्हा पडावी हे दुसरे. पहिले टायमिंग चेन ठरवते आणि त्यात कमी-जास्त करायला जवळपास वाव नसतो; दुसरे अंशाअंशाने मागेपुढे सरकवता येते. चेन बदलून आलेली गाडी ओढत नाही, थरथरते किंवा अ‍ॅव्हरेज देत नाही, अशा तक्रारींच्या मुळाशी अनेकदा पहिल्यातली चूक दुसऱ्यात फेरफार करून झाकण्याचा खटाटोप असतो.

फोर-स्ट्रोक इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, जाळणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार धावांत उरकतात, आणि तेवढ्या काळात क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची सरळ रेषेतील गती चक्राकार गतीत बदलणारा दांडा, दोन पूर्ण फेरे घेतो. झडपा ढकलणाऱ्या कॅमशाफ्टला मात्र एकच फेरा घ्यायचा असल्याने त्याच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ज्यावर बसते त्या दातेरी चाकाला, क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दात असतात. क्रँकच्या चाकाला १८ आणि कॅमच्या चाकाला ३६ दात आहेत असे धरले, तर चेन एक दात चुकल्याने कॅम १० अंशांनी सरकतो, आणि हेच अंतर क्रँकवर मोजले तर ते २० अंश भरते. बहुतेक इंजिनांत चेन अर्ध्या किंवा पाव दाताने सरकवता येत नाही; त्यामुळे ती एक तर बरोबर बसते किंवा निदान एवढ्या अंशांनी चुकते.

या २० अंशांचे मोल झडपांच्या रचनेवरून कळते. पिस्टन तळाला पोहोचल्यावरही इनलेट झडप लगेच मिटत नाही, कारण आत धावणारी हवा पिस्टन वर निघाल्यानंतरही काही काळ जडत्वाने आत येत राहते, आणि त्याचा फायदा उठवण्यासाठी झडप साधारण ४० ते ६० अंश उशिरा मिटेल अशी योजना केलेली असते. त्यात आणखी २० अंशांची भर पडली, की कमी वेगावर आत आलेल्या हवेतील मोठा हिस्सा पिस्टन आल्या वाटेने परत ढकलतो आणि सर्व सिलिंडरांतील कॉम्प्रेशन एकसारखे उतरते. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल, तर दोष त्याच्या झडपेत किंवा पिस्टन रिंगमध्ये शोधावा. सगळ्यांचे सारखेच पडलेले असेल आणि चेन नुकतीच बदललेली असेल, तर संशय चेनवरच घ्यावा. ज्या इंजिनांत उघडलेली झडप आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, तेथे काही दातांच्या चुकीने झडपा वाकतात आणि हेड उतरवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

चेन बसवताना स्प्रॉकेटवरील खुणा आणि चेनमधील रंगीत कड्या एकमेकींसमोर आणतात हे सर्वश्रुत आहे, पण चूक बहुधा त्यानंतर होते. चेनची सगळी ढील टेन्शनरच्या, म्हणजे चेनला ताण देणाऱ्या भागाच्या बाजूला असली पाहिजे. ती विरुद्ध बाजूला राहिली, तर खुणा जुळलेल्या दिसतात आणि टेन्शनरची पिन काढताच कॅम सरकतो. म्हणूनच पिन काढल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवतात आणि मधे अडथळा जाणवला तर तेथेच थांबतात. ही तपासणी स्टार्टरने करणे म्हणजे झडपांवर जुगार खेळणे होय. दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा जागेवर येतात, पण रंगीत कड्या येत नाहीत, आणि ते पाहून घाबरलेला नवशिका जुळलेली चेन पुन्हा उतरवतो. वस्तुतः १२० कड्यांची चेन १८ दातांच्या चाकावर असेल, तर कड्या पुन्हा जुळायला क्रँकचे २० फेरे लागतात.

ठिणगीचे टायमिंग चेन बदलल्यावर का बिघडते, याचे उत्तर जुन्या चेनच्या झिजेत आहे. चेन ‘ताणली’ गेली असे म्हटले जात असले, तरी तिचे पोलाद ताणले जात नाही. कड्यांमधील पिना आणि त्यांभोवतीच्या नळ्या झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म फट मिळून चेनची एकूण लांबी वाढते. परिणामी कॅम मागे पडतो. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरूनच चालत असल्याने तोही मागे पडत असे, आणि मेकॅनिक तो थोडा फिरवून ठिणगी पूर्वपदावर आणत असे. नवी चेन कॅमला मूळ जागी आणते, पण डिस्ट्रिब्युटरला दिलेली ती जादा फिरकी तशीच राहते. मग ठिणगी वाजवीपेक्षा आधी पडते आणि चढावर इंजिन नॉक करू लागते.

ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी पाडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. ज्वलनाला २ मिलिसेकंद लागतात असे धरले, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर तेवढ्यात क्रँक सुमारे १० अंश फिरतो आणि ३,००० फेऱ्यांवर ३६ अंश. जास्त वेगावर सिलिंडरमधील खळबळ वाढून ज्योतही जलद पसरते, त्यामुळे प्रत्यक्षातली वाढ या हिशेबाइतकी सरळ नसते. ती वाढ साधण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजने आणि इनलेटमधील निर्वातावर चालणारा पडदा असतो. मूळ टायमिंग तपासताना इंजिन गरम करून, त्या पडद्याची नळी काढून, आयडलिंगवर पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट जोडतात. हा दिवा प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकत असल्याने फिरती पुली स्थिर भासते आणि तिच्यावरील खूण किती अंशांवर आहे हे वाचता येते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा हे आकडेही बदलावे लागले, कारण मिथेन पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि त्याला ठिणगी अधिक आधी लागते.

डिस्ट्रिब्युटर काढला असेल तर आणखी एक खड्डा वाटेत असतो. पहिला पिस्टन एका चक्रात दोनदा माथ्यावर येतो, एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, आणि क्रँकची खूण दोन्ही वेळा सारखीच दिसते. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असेल, तर चौथ्या सिलिंडरची एक झडप मिटत असताना दुसरी उघडू लागते, त्या क्षणी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असतो. ही खात्री न करता डिस्ट्रिब्युटर बसवला, तर इंजिन सुरू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून भडका मारते.

आजच्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नसतो आणि ठिणगी संगणक ठरवतो. क्रँकवरील चाकाला बहुधा ६० दातांच्या जागा असून त्यांतील २ मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात, त्या रिकाम्या जागेवरून सेन्सरला क्रँकची स्थिती समजते आणि संगणक ती कॅमच्या सेन्सरशी ताडून पाहतो. चालत्या इंजिनात कॅम मागेपुढे करणारा, तेलाच्या दाबावर चालणारा फेजर असेल, तर तो चेन बसवताना कुलूपबंद स्थितीत असावा लागतो, नाहीतर सर्व खुणा जुळूनही टायमिंग चुकते. कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नसल्याचा पी ००१६ हा कोड आला, की पुष्कळदा प्रथम सेन्सर बदलले जातात. पण कित्येक गाड्यांत स्कॅनरवर हा फरक अंशांत वाचता येतो, आणि तो एका दाताच्या आसपास भरत असेल, तर नवा सेन्सर मागवण्याआधी इंजिनाचे पुढचे कव्हर उतरवलेले बरे.