विशेष शिक्षणातील एम.एड.

मुंबईहून निघून छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड असे थांबे घेत सिकंदराबादेकडे जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसच्या वाटेच्या दोन टोकांना, एकीकडे मुंबईत वांद्र्याला, वाक् व श्रवण दिव्यांगांसाठी १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, आणि दुसरीकडे सिकंदराबादेत बौद्धिक दिव्यांगांसाठी १९८४ साली निघालेली राष्ट्रीय संस्था आहे. मराठवाड्यातील ज्या विशेष शिक्षकास या संस्थांत पदव्युत्तर अध्ययन करावयाचे असेल, त्याला आपले बिऱ्हाड यांपैकी एका शहरी हलवावे लागते. १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या या प्रदेशास उच्च शिक्षणासाठी हैदराबादेकडे पाहण्याची सवय जुनीच. १९५८ साली मराठवाड्यातच विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती बव्हंशी सुटली.

विशेष शिक्षणाचे नियमन भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे. १९९२ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले, आणि तिच्या नोंदवहीत नाव दाखल असल्यावाचून विशेष शिक्षकाचा व्यवसाय करणे दंडनीय ठरले. २०१५ पासून एम.एड.ची मुदत एका वर्षाऐवजी दोन वर्षांची झाली. ही वाढ मला सर्वथैव योग्य वाटते, कारण बी.एड.मध्ये मूल शिकविण्याची विद्या मिळते, परंतु त्या शिकविण्याची परीक्षा करण्याची आणि पुढे इतर शिक्षक घडविण्याची विद्या एम.एड.मध्येच मिळते, आणि तिला सवड लागते.

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या मूल्यमापनासाठी मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम या नावाची एक सूची प्रचारात आहे. तीत १८ क्षेत्रांतील ३६० कौशल्ये नोंदलेली आहेत, आणि प्रत्येकापुढे मुलाला ते येते किंवा येत नाही एवढेच लिहावयाचे असते. खरे काम त्यापुढे सुरू होते. जे येत नाही ते टप्प्यांत फोडावयाचे: भाकरी एका हाताने धरणे, दुसऱ्याने तुकडा मोडणे, तो कालवणात बुडविणे, तोंडाशी नेणे. यांतील नेमक्या कोणत्या टप्प्यावर हात अडतो ते हेरून, पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी मुलाच्या हाती देऊन एकेक पाऊल मागे यावयाचे, म्हणजे पहिल्या दिवसापासूनच घास त्याच्या स्वतःच्या हाताने तोंडात पडतो. आईला हे जमते, पण ते का जमले हे तिला दुसरीस सांगता येत नाही. ते सांगता येण्याजोगे करणे हेच पदव्युत्तर अध्ययनाचे प्रयोजन होय.

म्हणून एम.एड.च्या प्रबंधाचे विषय येथल्या मातीतून निघावेत असे मला मनापासून वाटते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांचे मूल हंगामात आईबापांबरोबर फडावर गेले की त्याचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा शाळेच्या दप्तरात पडून राहतो. तो फडावरच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, कसा चालवावा, यावर दोन-तीन मुलांचे काटेकोर निरीक्षण करून लिहिलेला प्रबंधही मोलाचा ठरेल, कारण या शास्त्रात एका मुलाची क्रमवार नोंद हीदेखील मान्य संशोधनपद्धती आहे.

दिव्यांगांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी दहा, तर उच्च प्राथमिकसाठी पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले. या पदांवर रुजू व्हावयाचे शिक्षक ज्या वर्गांत तयार होतील, तेथे शिकविणारे एम.एड. झालेले अध्यापक मराठवाड्यातूनच निघावेत, आणि नोकरीत असलेल्या होतकरू शिक्षकांना त्यासाठी दोन वर्षांची पगारी रजा देण्याची तजवीज शासनाने करावी.