फौजीमामांचा हयातीचा दाखला

बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसलेला बंदूकवाला आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पाहिलेला म्हणजे काय, तर त्याच्या बाजूनं आत गेलेलो असतो. खांद्याला बारा बोअरची दुनळी, छातीवर काडतुसांचा पट्टा. हा बहुधा माजी सैनिक असतो. पस्तिशी-चाळिशीत फौज त्याला पेन्शन देऊन घरी पाठवते. पोरं शाळेत, शेत कोरडवाहू. म्हणजे खरं आयुष्य सुरू व्हायच्या वयात हा माणूस 'निवृत्त' झालेला असतो.

१९८६ साली लातूरच्या शाखेत माझी अशाच एकाशी गाठ पडली. सगळी शाखा त्यांना फौजीमामा म्हणायची. गाव निलंगा तालुक्यातलं, जमीन चार एकर. कागदोपत्री जन्मतारीख १ जुलै १९४४. आमच्या भागात एक जून किंवा एक जुलैला जन्मलेली माणसं इतकी का, हे शाळामास्तरांना विचारावं! मामांची आई मात्र सांगायची, रझाकाराच्या धामधुमीत हा चांगला ढोरं वळत होता. ती धामधूम १९४७-४८ची. म्हणजे कागद माणसापेक्षा तीनेक वर्षांनी लहान.

सातारा-कोल्हापूरकडे घराघरांत फौजी; आजोबा, बाप, नातू अशी ओळ. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाचा, तेव्हा आमच्याकडे ही वाट उशिरा पडली. चीनचं युद्ध झालं आणि १९६३ साली मामा बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. नाईक म्हणून सुटले. शाखेत कुणी चेष्टेनं 'सुभेदार' म्हटलं तर त्यांना खपत नसे. "नाईक हाव म्या. नामदेव जाधव तर शिपाई व्हते." नगरकडच्या निमज गावच्या या शेतकऱ्याच्या पोराला इटलीत सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मला आधी मामांकडूनच कळलं.

१९७१च्या लढाईत मामा पहिल्या मराठा पलटणीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर बलुच पलटणीनं धरून ठेवलं होतं. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज ठाणं सोडून निसटू लागली आणि वाट अडवून बसलेल्या मराठ्यांवर येऊन आदळली. ११ला जमालपूर पडलं. मला हे पुस्तकांतून ठाऊक. मामांना विचारलं तर ते थंडीबद्दल बोलायचे, भाताच्या खाचरांतल्या चिखलाबद्दल बोलायचे. त्या रात्रीबद्दल चकार शब्द नाही. मीही फार खोदलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९७२च्या दुष्काळात, ते रजेवर आले तेव्हा मामी दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. घरात मिलो आणि कामावर मिळालेली सुकडी. मनिऑर्डर वेळेवर यायची, पण बाजारात ज्वारीच नव्हती. हा प्रसंग मात्र ते न विचारता सांगत.

बँकेत त्यांनी पंचवीस वर्षं काढली. रोकड पोचवायची असली की जीपमध्ये पुढं बसत, पाणीसुद्धा पीत नसत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा स्वतःच्या घराची पडकी भिंत तशीच टाकून किल्लारीला गेले. विसर्जन करून निजलेली माणसं दगडमातीच्या माळवदांखाली गाडली गेली होती. चौथ्या दिवशी ते कामावर आले. दहा बोटांची साल निघालेली. पुढं कित्येक महिने आमच्या टेबलावर मेलेल्यांची पासबुकं येत होती. कुठं खातेदारही गेलेला आणि वारसही. वारसाचे कागद घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना मामा दारातच बसवून घेत, पाणी देत, अर्ज लिहून द्यायला मला हाक मारत.

माझा त्यांच्यामागं एकच लकडा होता. फौजेच्या कागदावर मामींचं माहेरचं नाव होतं, मतदारयादीत सासरचं. लग्नात नाव बदललं, फौजेला कोण कळवणार! नवऱ्यामागं पेन्शन मागायला गेलेली बाई त्या नावाची नाहीच, असं ठरून वर्षानुवर्षं हेलपाटे घालणाऱ्या विधवा मी काउंटरवर पाहिल्या होत्या. मामा म्हणायचे, "मरायची घाई हाय व्हय?" शेवटी जिल्हा सैनिक कार्यालयात मीच घेऊन गेलो. प्रतिज्ञापत्रं, सरपंचाचा दाखला, पत्रांवर पत्रं. दोन वर्षांनी, १९९८ साली, दुरुस्तीचा कागद आला. तो त्यांनी मामींच्या हाती दिला आणि मामींनी लुगड्यांच्या घडीत ठेवला.

कागदी वयामुळं बँकेची नोकरी तीन वर्षं जास्त मिळाली, २००४पर्यंत. उलट ऐंशी पुरी झाल्यावर पेन्शनमध्ये वीस टक्के वाढ मिळते, ती तीन वर्षं उशिरा आली, २०२४ साली. "फिटंफाट," मामा म्हणाले. त्यांच्याइतका स्वच्छ हिशेब मी बँकेतही फार थोड्यांचा पाहिला.

दरवर्षी नोव्हेंबरात पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. पूर्वी साहेबासमोर उभं राहिलं की झालं. २०१४पासून यंत्रावर बोट ठेवायची सोय झाली. पण खुरपं, दगड आणि नांगर यांनी झिजलेल्या बोटांना रेषा कुठून असणार? एका वर्षी एका केंद्रात दिवसभर दहाही बोटं टेकवून झाली, यंत्र काही ओळख देईना. परतीच्या एसटीत मामा म्हणाले, "सायेब, म्या जिता हाव का न्हाई, ते आता तुमीच सांगा."

आता चेहरा दाखवूनही दाखला मिळतो. २०२४च्या नोव्हेंबरात मी नांदेडहून मुद्दाम त्यांच्या गावी गेलो. नातवानं अंगणात मोबाइल धरला. मामांनी टोपी सारखी केली, टाचा जुळवल्या आणि समोर नजर लावली. मोबाइल पापण्या मिटा म्हणत होता. मामा काही मिटेनात.

"आजोबा, डोळे मिचकवा की!" नातू ओरडला.

"परेडमदी?" मामा म्हणाले.

चौथ्या खेपेला मामींनी मागून हळूच फुंकर मारली, तेव्हा कुठं दाखला निघाला.