टेंपलहोफ : विमानतळ कोणाच्या बळावर चालतो?

विमानतळ म्हटला की डोळ्यांपुढे वैमानिक उभा राहतो. जमिनीवर राबणारी माणसे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची नजर आधी तिकडेच जाते. म्हणून जर्मनीची राजधानी बर्लिन, तिच्या टेंपलहोफ ह्या जुन्या विमानतळाची हकीकत येथे सांगावी असे आम्ही योजिले आहे.

टेंपलहोफ हे मुळात लष्करी कवायतीचे मैदान. ऑरव्हिल राइट ह्यांनी १९०९ साली तेथे बर्लिनकरांना विमान उडवून दाखविले, आणि १९२३ साली रीतसर विमानतळ सुरू झाला. पुढे हिटलरच्या राजवटीने १९३६ पासून तेथे सव्वा किलोमीटर लांबीची धनुष्याकृती इमारत उभारावयास घेतली. तिचे छप्पर पुढे इतके काढले आहे की विमान त्याखाली उभे राहावे आणि उतारूंना पाऊस लागू नये.

परंतु ह्याच मैदानाच्या कडेला कोलंबिया-हाउस नावाचा तुरुंग होता. १९३३ ते १९३६ ह्या काळात तेथे राजवटीच्या विरोधकांचे अतोनात हाल झाले. कामगार संघटना तर २ मे १९३३ रोजीच मोडून टाकल्या होत्या. ज्या देशात कामगाराला ‘नाही’ म्हणण्याची सोय उरत नाही तेथे पुढे काय होते, ते ह्या मैदानाने पाहिले. महायुद्धात परदेशांतून सक्तीने आणलेल्या मजुरांकडून येथे लढाऊ विमाने जोडून घेतली गेली. त्यांच्या बराकी विमानतळावरच होत्या.

युद्धानंतर विजेत्या राष्ट्रांनी बर्लिन आपापसांत वाटून घेतले. पश्चिम बर्लिनच्या चहूकडे सोव्हिएत ताब्यातला मुलूख होता. नव्या चलनावरून तंटा वाढला आणि जून १९४८ मध्ये सोव्हिएत सत्तेने शहराच्या पश्चिम भागाकडे येणारे रस्ते, रेल्वे व कालवे अडविले. वीस लाखांवर माणसांचे अन्न आणि कोळसा विमानाने आणणे भाग पडले.

हे जमले कसे? शहराकडे येणारे हवाई मार्ग तीनच, प्रत्येकी सुमारे ३२ किलोमीटर रुंदीचे. उत्तरेच्या व दक्षिणेच्या मार्गाने यावयाचे, मधल्याने परतावयाचे. भर कामात दर तीन मिनिटांस एक विमान येई. १३ ऑगस्ट १९४८ रोजी वादळी पावसात टेंपलहोफवर अपघात झाले आणि मागची विमाने ढगांत घिरट्या घालीत अडकली. तेव्हापासून नियम झाला : ज्याचे उतरणे चुकेल त्याने भरल्या मालानिशी माघारी जावे. एकाला दुसरी संधी दिली, तर मागची सारी रांग कोलमडते.

आता जमिनीकडे पाहू. विमान थांबताच मालमोटार दाराशी लागे आणि जर्मन हमालांची टोळी सुमारे दहा टन माल उतरवून घेई. वैमानिकाने विमान सोडावयाचे नाही; त्याचा फराळ गाडीवरून त्याच्यापाशी येई. धावपट्टी लोखंडी जाळीच्या पत्र्यांची. जड विमानांखाली ती वाकत असे. कडेला फावडी घेऊन मजूर उभे असत. एक विमान गेले की त्यांनी धावत जावे, वाळू भरावी, पत्रे ठाकठीक करावे आणि पुढचे विमान टेकण्याआधी बाहेर पडावे. दिवसभर हेच.

एवढ्याने भागेना, म्हणून टेगेल येथे नवा विमानतळ बांधावयास घेतला. अवजड यंत्रे कापून विमानांतून आणली आणि पुन्हा सांधली. बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांचे विटा-दगड धावपट्टीखाली घातले. हजारो माणसे रात्रंदिवस पाळ्यांनी खपली. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. सुमारे ९० दिवसांत, म्हणजे नोव्हेंबर १९४८ मध्ये, तेथे पहिले विमान उतरले. ही माणसे मजुरीसाठी आणि पाळीमागे मिळणाऱ्या गरम जेवणासाठीही आली होती. त्यात कमीपणा कसला? पोट भरणे आणि आपले शहर वाचविणे ही दोन्ही कामे तेव्हा एकच होती.

१२ मे १९४९ रोजी कोंडी उठली. सप्टेंबरअखेरपर्यंत सुमारे पावणेतीन लाख उड्डाणांनी तेवीस लाख टन माल आला होता. त्यातला दोनतृतीयांश कोळसा. ह्या कामात ३९ ब्रिटिश, ३१ अमेरिकन आणि काही जर्मन कामगार प्राणांस मुकले.

टेंपलहोफ विमानतळ ३० ऑक्टोबर २००८ रोजी बंद झाला. २०१० मध्ये मैदान लोकांना खुले झाले. तेथे इमारती उठविण्याचा बेत निघाला, तेव्हा मे २०१४ मधील सार्वमतात बर्लिनकरांनी तो फेटाळला आणि मैदान मोकळे ठेवण्याचा कौल दिला.

एकाच मैदानावर कामगार दोनदा राबला. पहिल्या वेळी त्याच्यावर पहारा होता. दुसऱ्या वेळी तो काम सोडून घरी जाऊ शकत होता, तरी पुढच्या पाळीला पुन्हा हजर होई. आपण कधी विमानाने गेलो, तर खिडकीतून खाली सामान चढविणाऱ्या माणसाकडेही पाहावे आणि त्याला संघटना आहे काय, एवढे विचारावे.