चूक एका ओळीत, तक्रार भलत्याच फाइलमध्ये

साध्या प्रकारांच्या चुका कंपायलर नीट पकडतो. आकडा हवा तिथे मजकूर दिला, की ती ओळ दाखवून तो मोकळा होतो. जेनेरिक कोडमध्ये मात्र घोळ होतो. उदाहरणच घेऊ.

सी प्लस प्लसमध्ये पूर्णांकांची एक लिस्ट करा आणि तिचे दोन टोकांचे इटरेटर नेहमीच्या सॉर्ट फंक्शनला द्या. लिस्टमध्ये घटक साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. सॉर्टला तर थेट कुठल्याही घटकावर उडी मारता यायला हवी. म्हणजे हे जमणारच नाही. पण जीसीसी काय सांगतो? लिस्टच्या इटरेटरला वजाबाकीचं चिन्ह सापडत नाही! आणि जागा दाखवतो ती स्टँडर्ड लायब्ररीच्या हेडर फाइलमधली. त्याखाली वजाबाकीचे जे जे पर्याय तपासून पाहिले, त्यांची भलीमोठी यादी. मुलं विचारतात, ‘सर, आम्ही वजाबाकी केलीच कुठे?’ प्रश्न रास्त आहे.

बघा, कंपायलर इथे खोटं बोलत नाही. दोन इटरेटरमधलं अंतर काढायला सॉर्टच्या आत वजाबाकी आहेच. अडचण अशी, की ‘मला असाच इटरेटर लागतो’ ही अट सॉर्टच्या घोषणेत कंपायलरला कळेल अशी लिहिलेलीच नव्हती. त्यामुळे तो आपला प्रकार टेम्पलेटमध्ये घालून आत शिरतो आणि जिथे ठेचकाळतो तिथून ओरडतो.

उपाय म्हणजे अट दारातच लावायची. सी प्लस प्लसमध्ये त्यासाठी कन्सेप्ट आले. २००९ मध्ये ते येऊ घातलेल्या मानकातून काढून टाकले होते. भाषेत यायला २०२० चं मानक उजाडलं. आता रेंजेसमधल्या सॉर्टला लिस्ट दिली, तर तक्रार आपल्याच ओळीवर येते आणि अट मोडल्याचं सांगते. अर्थात एका कन्सेप्टच्या पोटात दुसरा, त्याच्या पोटात तिसरा. सगळं उलगडलं तर पुन्हा पानभर मजकूर! म्हणून जीसीसी आपणहून एकच पातळी उलगडतो. मला ते योग्य वाटतं.

रस्टमध्ये अशा अटी लिहाव्याच लागतात. तिथे हॅशमॅपची की म्हणून दशांश संख्या ठेवून पाहा. इन्सर्ट ही मेथड आहे, पण या प्रकाराकडे ईक्यू आणि हॅश नाहीत, असं उत्तर येतं. अचूक आहे. तरी शिकणारा म्हणणार, ‘दोन दशांश संख्यांची तुलना तर होते की!’ होते, पण ‘नॅन’ हे मूल्य स्वतःशीच समान नसतं, म्हणून ईक्यू दिलेलं नाही. हे कारण त्या संदेशात नसतं.

ते माहीत असतं लायब्ररी लिहिणाऱ्याला. म्हणूनच २०२४ च्या रस्ट १.७८ पासून कुणालाही आपल्या ट्रेटला स्वतःचा संदेश जोडता येतो: ट्रेट लागू नसेल तर काय म्हणायचं, वर टीप काय द्यायची. कंपायलर त्याला सूचना मानतो, बंधन नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग कंपायलरनेच थेट दुरुस्ती का सुचवू नये?)

सुचवतो, जिथे खात्री असते तिथे. पण समजा, ती दशांश की म्हणजे वस्तूची किंमत होती. खरी दुरुस्ती म्हणजे रुपयांऐवजी पैसे मोजून पूर्णांक ठेवणं. ही किंमत आहे, हे कंपायलरला कुठून कळणार? त्याने तिथे भलतंच सुचवलं, तर मुलं ते डोळे झाकून चिकटवतात आणि चूक दोन फाइली पुढे सरकते.