सुट्टीतलं अंगण

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या की मुंबईच्या नायगावातल्या मुलांचे दोन गट पडतात, गावाला जाणारी आणि मागे राहणारी. कोकणात, साताऱ्याकडे किंवा नगर जिल्ह्यात घर शाबूत असेल, तिथे आजी असेल, तर मूल एसटीत बसतं आणि जूनपर्यंत आईवडिलांची काळजी मिटते. ज्यांचं गाव कधीच सुटलं, ज्यांच्या आईला कामावर एक खाडाही परवडत नाही, ती मुलं इथेच राहतात. बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. 1920च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणी कामगारांसाठी या चाळी बांधल्या. नायगावात अशा 42 इमारती होत्या. तीन मजली, प्रत्येक मजल्यावर सामायिक संडास, आणि दोन रांगांच्या मधून जाणारा लांबलचक अंधारा पॅसेज. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत रात्रपाळी करून आलेला बाप झोपलेला असेल, तर मुलाने करायचं काय? पॅसेजमध्ये खेळलं तर शेजारी ओरडतात, रस्त्यावर गाड्या, मैदानात ऊन.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चने मुलांसाठी काही करावं, ही गोष्ट मला या प्रश्नापासून सुरू झालेली दिसते. धर्मशिक्षणाचा भाग तिच्यात आहेच, तो कुणी लपवू नये. पण मुळात ती मोकळ्या पडलेल्या मुलांची आणि रिकाम्या पडलेल्या जागेची गाठ आहे. मुंबईत जागा कुणाकडे असते? शाळेकडे असते, पण मेमध्ये तिला कुलूप. चर्चकडे असते, पण रविवारची उपासना आटोपली की सहा दिवस बाकं रिकामी.

न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात 1898च्या उन्हाळ्यात हॉस नावाच्या बाईंनी हेच पाहिलं. स्थलांतरितांची मुलं दिवसभर रस्त्यावर. त्यांनी बिअर विकणारं एक दुकान भाड्याने घेतलं आणि तिथे गाणी, गोष्टी, खेळ, शिवणकाम, चित्रं असा रोजचा वर्ग भरवला. पुढे 1901मध्ये रॉबर्ट बोव्हिल या धर्मोपदेशकाने तीच कल्पना उचलली आणि रिकाम्या चर्चमधून अशा शाळा उघडायला सुरुवात केली. आज जगभर ज्याला ‘व्हेकेशन बायबल स्कूल’ म्हणतात, ते या वस्तीतून निघालेलं आहे. लुथरन, मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, सगळ्याच पंथांनी ते आपलंसं केलं. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कुणी त्याला सुट्टीतली बायबल शाळा म्हणतं, कुणी नुसतं ‘व्हीबीएस’, कुणी मुलांचं शिबिर.

मुंबईत लुथरन मंडळ्या आहेत, पण त्या मुख्यतः तमिळ आणि तेलुगू भाषकांच्या. मराठी प्रोटेस्टंट माणूस बहुधा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा असतो किंवा मेथॉडिस्ट. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. लुथरन त्यात नव्हते. त्यामुळे लुथरन म्हटलं की मराठी वाचकाला ते दूरचं वाटतं. प्रत्यक्षात एका लुथरन पाळकाचा आणि मराठी राजघराण्याचा जितका निकटचा संबंध आला, तितका क्वचितच कुणाचा आला असेल.

ही गोष्ट तंजावरची. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा प्रशियात 1726मध्ये जन्मलेला लुथरन धर्मोपदेशक 1750मध्ये तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला. तमिळ तो शिकलाच, पण तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात बोलता यावं म्हणून मराठीही शिकला. 1781च्या सुमारास हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला, तंजावरच्या किल्ल्यात धान्य येईना. पैसे बुडतील या भीतीने शेतकरी राजाच्या अधिकाऱ्यांना धान्य द्यायला तयार नव्हते. श्वार्ट्झने आपला शब्द दिला, तेव्हा बैलगाड्या आत आल्या. तुळजाजी राजांनी 1787मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजींना या माणसाच्या ओटीत घातलं. गादीवर बसलेल्या चुलत्याच्या काळात या मुलाला जवळजवळ कैदेत दिवस काढावे लागले. श्वार्ट्झने त्यासाठी कंपनी सरकारकडे दाद मागितली, 1793मध्ये मुलाला मद्रासला हलवलं आणि त्याच्या शिक्षणाची सोय लावली.

1798च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी राजे झाले. पुढे त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, अन्नछत्राला जोडून शाळा चालवल्या, देवनागरी छापखाना घातला. 1806मध्ये त्या छापखान्यातून इसापनीतीचं मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडलं. मराठी मुलांसाठी छापलेल्या पुस्तकांची कहाणी तंजावरपासून सुरू होते, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. गुरूच्या स्मरणार्थ राजांनी जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. गुरूच्या मृत्युशय्येशी उभे असलेले सरफोजी त्यात दिसतात. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे.

आणि सरफोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. श्वार्ट्झने शिकवलं, सांभाळलं, त्याच्यासाठी भांडला. मुलगा आपल्या धर्मात राहिला म्हणून त्यातलं काही वाया गेलं, असं श्वार्ट्झला वाटल्याचं कुठे दिसत नाही. चर्चच्या समाजकार्याकडे मी याच मापाने पाहतो. दार उघडताना अट घातली आहे का, एवढंच मी विचारतो.

हे माप घेऊन नायगावच्या आसपास हिंडलं तर बरंच हाती लागतं. मुंबईत 1813मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने 1824मध्ये इथे मुलींची शाळा काढली, 1842मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं, 1873मध्ये खास मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढलं. याच परंपरेतले रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणतो. चर्चमध्ये कीर्तन आणि भजन त्यांनी रुजवलं. 1917मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 9 मे 1919 रोजी ते मुंबईत वारले, म्हणून तो प्रयोग फार पुढे गेला नाही. पण विचार मागे राहिला.

त्याच मिशनचा क्लिफर्ड मॅनशार्ट हा शिकागोत शिकलेला तरुण 1925मध्ये मुंबईत आला. लंडनचं टॉयन्बी हॉल आणि शिकागोचं हल हाउस त्याच्या डोळ्यांपुढे होतं. शिकलेल्या माणसांनी गरिबांच्या वस्तीत राहायला जायचं आणि शेजारी म्हणून काम करायचं, अशी ती पद्धत. 1927मध्ये त्याने नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उघडलं. नागपाडा म्हणजे मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी दाट, मिसळलेली वस्ती. तिथे दवाखाना, वाचनालय, बायकांचे वर्ग, खेळ आणि व्याख्यानं सुरू झाली. मुंबईच्या घरांवर, आरोग्यावर, शिक्षणावर तिथे झालेली व्याख्यानं त्याने 1930मध्ये पुस्तकरूपाने छापली. 1937मध्ये हिंदुस्थानातल्या मुलांच्या स्थितीवर लेखसंग्रह काढला. काम करता करता त्याच्या ध्यानात आलं की चांगुलपणा पुरत नाही, हे काम शिकून करावं लागतं. टाटा ट्रस्टच्या पाठबळावर 1936मध्ये त्याच नेबरहुड हाउसमध्ये समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातली पहिली शाळा सुरू झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क हे तिचं नाव. 1944पासून आपण तिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून ओळखतो. देवनारच्या विस्तीर्ण आवारात शिकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की ही संस्था एका मिशनच्या वस्तीघरात जन्मली?

हे सगळं श्रेय ख्रिस्ती लोकांच्याच पदरात घालणं मात्र खोटं होईल. ना. म. जोशी यांनी 1911मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रशाळा, फिरती वाचनालयं, सहकारी पतपेढ्या अशी कामं लीगने नेबरहुड हाउसच्या कितीतरी आधी उभी केली. परळचं दामोदर हॉल तिचंच. त्याच दामोदर हॉलमध्ये 9 मार्च 1924 रोजी डॉ. आंबेडकरांनी सभा बोलावली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. नायगाव-दादरला तर 30 आणि 31 मे 1936 रोजी, ऐन उन्हाळ्यात, मुंबई इलाखा महार परिषद भरली आणि धर्मांतराचा प्रश्न बाबासाहेबांनी माणसाच्या इभ्रतीचा प्रश्न म्हणून मांडला. ज्या वस्तीने ते ऐकलं आहे, त्या वस्तीत चर्चने उपकाराची भाषा घेऊन जाऊ नये. इथल्या माणसाला दया कशाला म्हणतात आणि बरोबरी कशाला, हे बरोबर कळतं.

आता शिबिराकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथे होते. साधारण चित्र असं असतं. मेमध्ये मंडळीतली निम्मी कुटुंबं नगरला, जालन्याला, सोलापूरला गेलेली असतात, म्हणून शिबिर बहुधा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठेवतात. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत सुटणारी. शिकवणारे तरुण संघातले, म्हणजे बारावी देऊन बसलेली किंवा कॉलेजात शिकणारी मुलं-मुली. शब्बाथ शाळेच्या बाई त्यांच्या पाठीशी. पाळकसाहेब सुरुवातीला प्रार्थना करतात आणि बरेचदा शहाणपणाने बाजूला होतात. गाणी हातवारे करत म्हणायची, मग एक गोष्ट, मग वयाप्रमाणे गट. एका कोपऱ्यात घोटीव कागद, कात्री आणि खळ, दुसऱ्या कोपऱ्यात लंगडी. मधल्या सुट्टीत स्त्री संघाच्या बायका मोठ्या पातेल्यातून कोकम सरबत ओततात आणि पोहे वाटतात. शेवटच्या दिवशी आईबाप येतात, मुलं नाटुकलं करतात, कुणी तरी संवाद विसरतो आणि सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडतात.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती शिकवणारी पोरं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी वीस दांडगट मुलांना गोष्ट सांगून अर्धा तास बसवते, तेव्हा ती जे शिकते ते कुठल्या क्लासात मिळत नाही. कुणाच्या पायात चप्पल नाही, कोण पोहे डब्यात भरून धाकट्या बहिणीसाठी नेतो, कोण घरी जायची वेळ झाली की गप्प होतो, हे तिला चार दिवसांत दिसायला लागतं. समाजकार्य म्हणतात ते हेच पाहणं. पुढचं शिक्षण त्यावर चढतं.

पण शेजारच्या चाळीतली मुलं आत यायची असतील तर मंडळीने काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. रोज काय शिकवणार, त्यात बायबलची गोष्ट किती वेळ, हे कागदावर लिहून फाटकावर लावावं. आईबापांची सही घ्यावी. प्रार्थनेला बसायचं नसलेल्या मुलाला खेळाच्या कोपऱ्यात तेवढ्याच प्रेमाने बसवावं. खाऊ, वह्या, दप्तरं सगळ्यांना सारखी द्यावीत. त्यांच्या बदल्यात काही मागितल्याचा वासही येऊ नये. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत असणार नाही, हा नियम पाळकापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना लागू असावा. शंकेचं वातावरण आज आहे, ते मान्य करूनच चालावं लागेल. शंकेला उघडेपणाहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

नायगावच्या आसपास मोठ्यांसाठीही उन्हाळ्यात काम पडलेलंच असतं. परळला केईएम आहे, टाटा मेमोरियल आहे, वाडिया आहे. टाटात उपचारासाठी देशभरातून माणसं येतात आणि त्यांचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने अशा रुग्णांना कित्येक वर्षं आसरा दिला आहे, पण गरज तिच्याहून फार मोठी आहे. मेमध्ये रक्तपेढ्यांत रक्ताचा तुटवडा पडतो. कॉलेजं बंद, रक्तदाते गावाला. ज्या मंडळीकडे एक सभागृह आणि चार पंखे आहेत, तिने उन्हाळ्यात एक रक्तदान शिबिर घेतलं आणि रोज संध्याकाळी पन्नास माणसांचा डबा परळच्या फुटपाथवर नेला, तर तिच्या प्रवचनाला वेगळं वजन येईल. मार्टिन ल्यूथरने 1524मध्ये जर्मन शहरांच्या नगरपित्यांना पत्र लिहून बजावलं होतं, की बंदुका आणि रस्त्यांवर खर्च करता तसा मुलांच्या शाळांवर करा. पंथ लुथरन असो वा नसो, तो हिशेब आजही मांडण्यासारखा आहे.

तो मांडायची निकडही आहे. 2017मध्ये नायगावच्या बीडीडी पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. रहिवाशांच्या वाट्याला 500 चौरस फुटांची घरं आहेत, आणि शंभर वर्षं 160 फुटांत काढलेल्या माणसांचा तो हक्कच आहे. पण उंच इमारतीत चाळीचा पॅसेज नसतो. शेजारच्या काकूंचं उघडं दार नसतं. कामावर गेलेल्या आईचं मूल विसाव्या मजल्यावर मोबाइलसोबत एकटं बसेल. आजवर जे काम शेजार फुकट करत होता, ते आता कुणीतरी ठरवून करावं लागेल.

म्हणून मंडळ्यांच्या पंच कमिट्यांना आणि नव्या सोसायट्यांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. येत्या मार्चमध्ये एकदा एकत्र बसा. चर्चचं अंगण, सोसायटीचं सभागृह, गणेशोत्सव मंडळाची कचेरी, बुद्धविहार, यांतली कुठली जागा सुट्टीत सकाळी तीन तास मोकळी ठेवता येईल, ते ठरवा. पाणी, पंखा, संडास आणि दोन भरवशाची माणसं, इतकं पुरतं. मुलं आपण होऊन येतील.